मधली विहीर, वीस मिनिटे

मिनिटमामांनी एकतीस वर्षं एकाच रस्त्याचं वेळापत्रक लिहिलं आणि त्या रस्त्यावर एकदाही पाऊल ठेवलं नाही. यात त्यांना स्वतःला काहीच वावगं वाटत नसे. हवामानखात्यातला माणूस कुठे ढगावर जाऊन बसतो, असं ते विचारत. समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ते घड्याळाकडे बघून निघून गेलेले असत.

रस्ता दीडशे किलोमीटरचा, वाळवंटाच्या ऐन पोटातून जाणारा. अलीकडच्या टोकाला मामांचं गाव आणि बसचं आगार, पलीकडच्या टोकाला लेकीचं नवं सासर, मामा-मामींनी अजून न पाहिलेलं. मध्ये वाळू. बस दिवसातून एकच. साडेबाराला निघायची, चारला पोचायची, म्हणजे वेळापत्रकात तरी पोचायची. आगारातले सगळे त्यांना मिनिटमामा म्हणत, कारण जेवायला किती वेळ आहे असं विचारलं तर मामा 'अर्धा तास' असं मोघम कधी सांगत नसत, 'सत्तावीस मिनिटं' म्हणत. मामा म्हटल्यावर बायको ओघानेच मामी झाली.

निवृत्त झाल्यावर घरात कुणी त्यांना वेळ विचारेना. घड्याळं चार होती, सगळी बरोबर चालायची, त्यामुळे त्यांच्याकडे बघण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. मग मामांनी सायकल घेतली. काळी, लोखंडी, तीन गिअरची. पहिल्या महिन्यात वीस किलोमीटर, सहाव्या महिन्यात साठ. किती अंतराला किती मिनिटं लागली ते हँडलला बांधलेल्या वहीत लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं पाडायचं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चाकांच्या वेळा लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची दोन चाकं मिळाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. नंतर एका वळणावर वाळूवरून चाक सरकलं आणि तो उतरला.

मामी सरकारी इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून कामावर होता.

"तुमचं वय काय?" एका रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर त्यांनी विचारलं.

"माहितीये की तुला."

"मी विचारतेय."

"चौसष्ट."

"आणि हाड कुठलं मोडलं होतं?"

"खांद्याजवळचं. लहानसं होतं गं."

"हाडात लहानमोठं नसतं. जुळायला सहा आठवडे लागले."

"चाळीस दिवस," मामा म्हणाले.

मामींनी कप खाली ठेवला. बशीचा आवाजसुद्धा झाला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पेपरवाला सायकल मागतोय, म्हणाल्या. गडी तरुण आहे, तीन मुलं आहेत, उपयोगाला येईल. तुमचं मात्र एकदाचं समाधान होऊ दे. लेकीकडे जायचंच आहे, तर तुम्ही पहाटे सायकलवर निघा. मी साडेबाराच्या बसने येते. बसच्या आधी तिकडच्या स्टँडवर पोचलात तर सायकल तुमची, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. पण बसने वाटेत गाठलं, तर गाठेल तिथे मुकाट्याने बसमध्ये चढायचं. सायकल टपावर, आणि परत आल्यावर पेपरवाल्याकडे.

"कबूल," मामा म्हणाले, आणि इतक्या चटकन म्हणाले की मामींना संशय आला. पण त्यात डाव काही नव्हता. शर्यत एका बसशी होती, आणि त्या बसला कुठे किती वाजता असायचं हे मामांनीच ठरवलं होतं.

ठरल्या दिवशी पहाटे पाचला मामा निघाले. सायकलला पाच बाटल्या बांधल्या होत्या, दोन दांड्याला, तीन कॅरिअरला. हँडलच्या वहीत हिशेब पक्का होता: चौऱ्याण्णवाव्या किलोमीटरला 'मधली विहीर' हा थांबा, अकराला पोचायचं, बाटल्या भरायच्या, अर्धा तास टेकायचं, साडेतीनला लेकीच्या गावात. बस तिथे चारला येणार. अर्धा तास हातात. मधल्या विहिरीपुढे वेळापत्रकात चांदणी होती, आणि पानाच्या तळाला चांदणीचा अर्थ दिला होता: पाणी व अल्पोपाहाराची सोय.

सकाळ सरळ होती. डांबर थंड, वारा पाठीला, दोन्ही बाजूंना वाळूच्या लाटा आणि मध्येच एखादं खुरटं झुडूप, चुकून तिथे राहिल्यासारखं. सूर्य वर आला तेव्हा मामांची सावली तीस फूट लांब पडली आणि सायकल चालवणारा हा उंचापुरा गृहस्थ कोण म्हणून त्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. समोरून दोन ट्रक आले, भोंगे वाजवून गेले. चाळिसाव्या दगडापाशी वेळ तीन मिनिटांनी पुढे होती. मामांनी वहीत तसं लिहिलं आणि बक्षीस म्हणून अर्धी बाटली डोक्यावर ओतली. साठाव्या दगडापाशी आणखी अर्धी. पुढे विहीर असलेल्या माणसाने पाण्याच्या बाबतीत कद्रूपणा करू नये, असं त्यांचं मत होतं.

नऊच्या सुमाराला मामींचा फोन आला.

"कुठे आहात?"

"चौसष्ट पूर्णांक दोन."

"दम लागलाय का?"

"नाही."

"मग बोलताना शिट्टी का वाजतेय?"

"वारा आहे."

"पाणी आहे ना?"

"पुढे विहीर आहे."

"पुढे नाही विचारलं, आत्ता."

"अगं, चांदणी आहे तिथे," मामा म्हणाले. मामींना चांदणीचं काही कळलं नाही, पण चौसष्टाव्या किलोमीटरला माणूस असं बोलायला लागला तर नोंद ठेवावी, म्हणून त्यांनी ते तारखेसकट लिहून ठेवलं.

एकाहत्तराव्या दगडापाशी मामा थांबले. पाचपैकी चार बाटल्या रिकाम्या, पाचवी पाऊण. चेहरा पुसता पुसता त्यांनी सहज मधली विहीर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. एखादं झाड असेल, कठडा असेल, रहाट असेल. पण कितीही प्रयत्न केला तरी डोळ्यांसमोर विहीर येईना. फूटपट्टी येत होती.

मामांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. फूटपट्टी जाईना. लाकडी होती, एका टोकाला कुरतडलेली. मग फूटपट्टीच्या मागे टेबल आलं, टेबलामागे त्या वेळचे साहेब आले, त्यांच्या बिस्किटाचे कण नकाशावर सांडले, आणि मामांना सगळं लख्ख आठवलं.

नोकरीचा पहिला महिना. वरून नियम आला होता की चालकाने सलग दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये, मध्ये वीस मिनिटांची विश्रांती द्यावी, आणि विश्रांतीच्या जागी पाण्याची सोय असावी. नकाशावर त्या जागी काहीच नव्हतं. "काहीतरी टाक रे," साहेब म्हणाले होते, "कागद आज जायचाय." मामांनी फूटपट्टी लावली, दोन तासांचं अंतर मोजलं, पेन्सिलीने ठिपका काढला, आणि पाण्याची सोय म्हणून त्या ठिपक्याला विहीर म्हटलं. चांदणीही त्यांनीच काढली. ती जरा तिरकी आली होती म्हणून खोडून पुन्हा काढली, तरी तिरकीच राहिली.

पुढे दर वर्षी ते वेळापत्रक नव्याने लिहिताना ठिपका लिहिला गेला. पाचव्या वर्षी त्यांना वाटलं, असेल. दहाव्या वर्षी शंका गेली. विसाव्या वर्षी एका नव्या कारकुनाने 'मधली' मधला 'म' गाळला, तर मामांनी त्याला फैलावर घेतलं होतं, की बाबा रे, तिथे माणसं पाणी पितात.

आता तिथे पाणी प्यायला मामाच निघाले होते.

त्यांनी परिस्थितीकडे शांतपणे पाहिलं. मागे एकाहत्तर, पुढे एकोणऐंशी, पाणी पाऊण बाटली. मामींना फोन केला तर अर्ध्या तासात कुणाची तरी गाडी निघेल, दुपारपर्यंत ते घरी पंख्याखाली असतील आणि संध्याकाळी पेपरवाला येईल. फोन हातात घेतला, आणि त्याच क्षणी त्यांना एक पत्र आठवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी आलेली तक्रार. 'मधल्या विहिरीवरील चहा पातळ असतो व अंडी नीट उकडलेली नसतात', दोन पानं, खाली ठसठशीत सही. 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे' असं उत्तर मामांनीच पाठवलं होतं. तेव्हा त्यात नवल करण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

मामांनी फोन खिशात ठेवला. नसलेल्या जागेबद्दलही माणूस तक्रार करतो, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. पण दोन पानी करत नाही, आणि अंड्यांपर्यंत जात नाही. एकतीस वर्षांत जनतेवर त्यांनी पहिल्यांदाच विश्वास टाकला आणि पेडल मारलं.

पाणी घोटाघोटाने प्यायले. ऐंशीपासून ऊन डोक्यावर हात ठेवून बसलं. नव्वदाव्या दगडापाशी बाटली संपली. ब्याण्णव. त्र्याण्णव. आणि मग दूर, वाफेत थरथरणारं, काहीतरी चौकोनी. मामांनी आशा अशी काही केली नाही, फक्त गिअर बदलला.

पत्र्याची शेड होती. शेजारी चार खांबांवर पाण्याची काळी टाकी, दोन बाकं, चूल, आणि रस्त्याकडे तोंड करून निळी पाटी: 'मधली विहीर, वीस मिनिटे'. पाटीवर तिरकी चांदणीसुद्धा होती. घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

"आधी सावलीत बसा, मग बोला," शेडमधली बाई म्हणाली. पन्नाशीची, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली. तिने तांब्या पुढे केला. मामांनी दोन तांबे प्यायले, तिसरा घेऊन नुसता हातात धरला.

"विहीर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ती छापील आहे," बाई म्हणाली. "पाणी टँकरने येतं. नवीन दिसताय. नवीन माणूस पहिलं तेच विचारतो."

"हा थांबा इथे कसा काय?"

बाईला हा प्रश्न आवडला असावा. तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं आणि ऐसपैस बसली. "माझ्या सासूबाईंनी सुरू केला. म्हणजे थांबा आधीच होता, दुसरं काही नव्हतं. ड्रायव्हर भर वाळूत गाडी उभी करायचा. का, तर कागदात लिहिलंय. एकदा नव्हती थांबवली, तर तपासनीस नेमका गाडीत. त्याने त्याला धारेवर धरलं. तेव्हापासून रोज चाळीस माणसं इथे वीस मिनिटं उन्हात बसायची. कुणाला काही विचारायची सोय नाही. एकदा त्यात सासूबाई होत्या. घरी आल्या आणि म्हणाल्या, चाळीस माणसं, तहानलेली, कुठे पळून जाऊ शकत नाहीत, यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक जगात नाही. पुढच्या आठवड्यात दोन घागरी नि किटली घेऊन इथे हजर."

"आणि अंडी?"

"एका पाशिंजराने कागद दाखवला. चांदणी आहे म्हणे, अल्पोपाहार कुठाय? मग अंडी आली. आमचं सगळं असं कागदात बघून बघून उभं राहिलंय." बाई हसली. "सासूबाई जाईस्तोवर म्हणायच्या, ज्याने हा थांबा काढला तो माणूस एकदा सापडू दे. आधी वीस मिनिटं उन्हात बसवीन, मग पोटभर खायला घालीन."

मामांनी तांब्या खाली ठेवला. मग उठले, शेडबाहेर गेले आणि उन्हातल्या बाकावर जाऊन बसले.

"अहो, तिथे कशाला? भाजून निघाल."

मामांनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं.

बाईला उलगडायला साधारण एक मिनिट लागलं. मग तिने पदर, म्हणजे ओढणीचं टोक, तोंडाला लावून इतकं हसून घेतलं की चूल विझली. पाच मिनिटांनी तिनेच त्यांना दंडाला धरून आत आणलं. "राहू दे. बाकीची पंधरा माफ. सासूबाईंच्या वतीने मी सोडते." आणि तिने चार अंडी सोलून पुढे ठेवली. तक्रार रास्त होती, आतून जरा कच्ची होती.

खाता खाता मामांनी शर्यतीची हकीकत सांगितली. बाईने मान डोलावली. "मग जिंकलात की. बस इथून वेळेवर निघतेय कुठे. ड्रायव्हर जेवतो, बाकावर डुलकी काढतो, पंचेचाळीस मिनिटं सहज होतात. तिकडे पोचायला साडेचार धरा."

मामांनी हातातलं अंडं खाली ठेवलं. "पंचेचाळीस?"

"कधी पन्नास."

"पण पाटीवर वीस लिहिलंय."

"पाटीवर विहीर पण लिहिलीय."

पंचवीस मिनिटं त्यांना आयती मिळत होती. दुपारचा वारा फिरला होता, आता तो समोरून येणार होता, आणि मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. ती पंचवीस मिनिटं हवीच होती. पण एकतीस वर्षं त्यांनी चार लिहिलं आणि ती साडेचारला जात होती, हे दाताखाली खडा आल्यासारखं टोचत होतं.

"माझं एक काम करा," ते शेवटी म्हणाले. "आजच्या दिवस बस वीस मिनिटांत काढा. दोन पन्नासला इथून हलली पाहिजे. ड्रायव्हरला सांगा, वेळापत्रकवाला पुढे रस्त्यावर आहे, घड्याळ घेऊन."

"तुम्ही हराल ना मग."

"उशिरा येणाऱ्या बसला हरवण्यात काय आहे? तिला पायी चालणारासुद्धा हरवतो."

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या घरचे कसे काढतात हो दिवस?" ती म्हणाली, आणि बाटल्या भरून द्यायला उठली.

अकरा चाळीसला मामा निघाले. पुढचे छप्पन्न किलोमीटर सांगण्यासारखे नव्हते. वाळू डांबरावरून सापासारखी सरपटत येत होती, दातांत, कानांत, साखळीत शिरत होती. वारा छातीवर तळहात ठेवून मागे लोटत होता. मामा हँडलवर वाकले आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत एवढाच हिशेब करत राहिले. कुठे साडेचार मिनिटं, कुठे पाच. एकशेवीसला उतरून दहा मिनिटं टेकले. पुन्हा चढले तेव्हा पाय स्वतःचे वाटेनात, पण कामाला येत होते. एकशेचाळीसला त्यांच्या ध्यानात आलं की आपण मजेत आहोत. हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही म्हणून त्यांनी वहीत लिहिलं.

एकशे अठ्ठेचाळिसाव्या दगडापाशी गावातली पाण्याची उंच टाकी दिसत होती, तेव्हा मागून इंजिनाचा आवाज आला. मामांनी वळून पाहिलं नाही, घड्याळ पाहिलं. तीन वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. त्यांच्या छातीत एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. एक बुडली आणि दुसरी वर आली, आणि वर आलेली मोठी होती.

बस बाजूला येऊन सायकलच्या वेगाने चालू लागली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"मामा, चढा. सायकल टाकू वर."

"इथे थांबा आहे का?"

"नाही."

"मग इथे गाडी उभी करायची नाही."

"मामी म्हणतात ठरलंय तुमचं."

मागच्या खिडकीतून मामी दिसल्या. केसांत वाळू, मांडीवर पिशवी, खिडकीच्या दांडीवर दोन्ही हात. "अहो, ठरलंय आपलं," त्या म्हणाल्या.

"ठरलंय. हरलो मी," मामा धापा टाकत म्हणाले. "पण गाडी चारला पोचतेय. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मला चढवायला दोन मिनिटं जातील, सायकल बांधायला तीन. एक मिनिट तर तू आत्ताच घालवलंस."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. पेशंटकडे बघावं तसं: ओठ, डोळ्यांचा रंग, श्वास. मामा पेडलवर उभे राहून सायकल चालवत होते आणि तोंडाला सतरा ठिकाणी वाळू चिकटली होती. मामींनी दांडीवरचे हात काढले.

"चला हो ड्रायव्हर," त्या म्हणाल्या. "चारला पोचवा."

बस धूळ उडवत पुढे गेली.

मामा स्टँडवर आले तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती. मामी पिशवी घेऊन फलाटाच्या सावलीत उभ्या होत्या. त्यांनी आधी नाडी पाहिली, मग पाण्याची बाटली दिली.

"किती वाजता लागली?" मामांनी विचारलं.

"तीन एकोणसाठ."

मामा खाली बसले. हँडलची वही ओढून त्यांनी तो आकडा लिहिला.

"अडीच वाजता त्या विहिरीवर उतरलो," मामी म्हणाल्या, "तर ती टाकीवाली सगळ्यांच्या मागे लागली, उठा उठा म्हणून. हातातला चहासुद्धा पुरा होऊ दिला नाही. म्हटलं काय झालंय हिला. मग तिने सगळं सांगितलं, डोक्यावर ओतलेल्या पाण्यासकट." त्यांनी मामांच्या कपाळावरची वाळू झटकली. "तिथून पुढे मी सगळा रस्ता खिडकीतून कडेला बघत होते. आडवा पडलेला माणूस शोधत होते. एकशेवीसच्या दगडापाशी एक काळं झुडूप होतं, तर मी उठून उभी राहिले गाडीत. आणि तुम्ही दिसलात ते पेडलवर उभे."

"मी हरलोय," मामांनी आठवण करून दिली. "पेपरवाला..."

"पेपरवाल्याला दोन पाय आहेत. बघेल तो त्याचं." मामींनी पिशवी मामांच्या मांडीवर ठेवली आणि सायकलचं हँडल धरलं. "पुढच्या वेळी मात्र सात बाटल्या घ्यायच्या, आणि पाणी डोक्यावर ओतायचं नाही."

"पुढच्या वेळी?"

"उठा आता. लेक वाट बघतेय."

मामी सायकल ढकलत पुढे निघाल्या. मामा पिशवी छातीशी धरून, पाय फेंगडे टाकत मागोमाग. दहा पावलांवर मामी थांबल्या.

"किती जड आहे हो ही."

"उतारावर हलकी होते," मामा म्हणाले.

लेकीच्या घरापर्यंत सगळा चढ होता. मामींनी ओढणी कमरेला खोचली आणि सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरली.